रत्नाताईंची लांब सायकल

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेल्या एका इंजिनियरने परवा मला विचारलं, "काका, लांबच्या प्रवासाला लांब सायकल बरी का नेहमीची? सगळे म्हणतात तुम्हाला माहीत आहे."

मी म्हणालो, "मला काय माहीत असणार? मी त्या सायकलवर एकदाही बसलो नाही. मी फक्त तिचं मागचं टोक धरायचो."

तो हसला. म्हातारा गंमत करतोय असं त्याला वाटलं. गंमत नव्हती. रत्नाताई साळवे आमच्या समोरच्या दारात राहायच्या, आणि त्यांच्या सायकलचं मागचं चाक मी रोज सकाळी उचलून चौथ्या मजल्यावरून खाली आणायचो. बसणाऱ्याला सायकलचे गुण दिसतात. दोष मागच्याच्या अंगावर येतात. पण ते त्याला असं एका वाक्यात सांगता येईना. ती सायकल त्या बाईच्या मापाची होती. बाई सोडून नुसती सायकल सांगितली तर खोटं होईल. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण सातवी. आनंदनगर एमआयडीसीत प्रेस मशीनवर जन्म गेला. शुद्धलेखन ज्याला बघायचं त्याने बघावं.

रत्नाताई सरकारी नर्स होत्या. आमच्या बदलापूरच्या मागे बारवी धरणाच्या अंगाला जे पाडे आहेत, तिथे लसी घेऊन जायच्या. सायकलवर. पुढे जीप मिळाली तरी जीप वाटेत बंद पडायची आणि ताई सायकलवरून पुढे निघून जायच्या. उंच बाई. पाय एवढे मोठे की बायकांच्या चपला मिळायच्या नाहीत, पुरुषांच्या घालायच्या. तुमच्याशी बोलता बोलता तुमचं मनगट धरायच्या. आपल्याला वाटतं बाई मायेने धरतेय, आणि त्या मनातल्या मनात नाडी मोजत असायच्या. मध्येच म्हणायच्या, "जिने चढून आलात का? मग एवढी पळतेय कशाला? डॉक्टरकडे जा." आणि पुन्हा मूळ गप्पा सुरू.

गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. त्यांचं एक म्हणणं होतं, "सुई टोचायची तर टोचायची. फुंकर मारत बसलं की पोराला दोनदा रडावं लागतं."

या लांब सायकलचं खूळ नोकरीतलंच. कॅरियरवर लशीचा निळा डबा बांधलेला असायचा. पायडल मारलं की यांची टाच मागे जाऊन डब्यावर आपटायची. टक. टक. टक. सगळी नोकरी तशी गेली. ताई सांगायच्या, "पवारभाऊ, माझ्या टाचेनेच मला दगा दिला. मी पाड्याच्या वेशीवर असतानाच पोरांना टकटक ऐकू जायची. मी पोचेपर्यंत सगळी पोरं झाडावर."

रिटायर झाल्यावर बायका सोनं करतात, देशाटन करतात. यांनी ठरवलं, टाच न लागणारी सायकल करायची. फोनवर कुठल्या तरी परदेशी बाईचा फोटो पाहिला होता. लांबलचक सायकल, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, पिशव्या आणि टाच यांच्यात हातभर मोकळी जागा. आमच्या कमलला, म्हणजे माझ्या बायकोला, तो फोटो दाखवला. कमल म्हणाली, "ही सायकल आहे का पलंग?" पण मला म्हणाली, तुम्हाला लोखंडातलं कळतं, तुम्ही जा बरोबर.

आम्ही उल्हासनगरला होतूशेठकडे गेलो. होतूशेठ सिंधी माणूस. लग्नाच्या हॉलच्या खुर्च्या आणि जिमचं सामान बनवायचा. फोटो दाखवा, संध्याकाळपर्यंत वस्तू तयार, अशी त्याची ख्याती. त्याने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"ताई, बनाएगा. क्यूं नहीं बनाएगा? मगर मेरा सुनो. लंबा गाडी अच्छा नहीं. पाइप जास्ती, वजन जास्ती. चेन दो जोडना पडेगा. ब्रेक का वायर बाजार में इतना लंबा मिलता नहीं. और मुडेगा नहीं ताई, गल्ली में फसेगा."

"मला गल्लीत कुठं जायचंय? मला पाड्यावर जायचंय."

"और पीछे वजन डालेगा ना, तो ऐसा हिलेगा." होतूशेठने म्हशीच्या शेपटीसारखा हात हलवून दाखवला.

"आता फायदे सांगा," ताई म्हणाल्या.

"फायदा?" त्याने विचार केला. माणूस खरा होता. "फायदा ये है, के आप दो चक्के के बीच में बैठेगा, पिछले चक्के के ऊपर नहीं. खड्डा लगेगा तो कमर को कम लगेगा. उतार पे सीधा जाएगा, डगमग नहीं करेगा. और आपका टाच लगेगा नहीं."

"झालं तर मग," ताई म्हणाल्या. "कंबर, उतार आणि टाच. अजून बाईमाणसाला काय पाहिजे?"

मग माप. ताईंनी घरून तोच निळा डबा आणला होता. स्टुलावर डबा ठेवला, बाजूला खुर्चीवर ताईंना बसवलं, हवेत पायडल मारायला लावलं. टाच डब्यापासून सुटेल एवढं अंतर होतूशेठने खडूने फरशीवर मारलं. त्यात सेफ्टीसाठी चार बोटं स्वतःच्या मनाने वाढवली, आणि बोलला नाही. ताईंच्या डोक्यात आलं की पावसाळ्यात आपण गमबूट घालतो, गमबुटाची टाच मोठी. होतूशेठ पाणी प्यायला गेला तेव्हा त्यांनी खडू घेऊन वीतभर पुढे दुसरी रेघ मारली, आणि त्याही बोलल्या नाहीत. मी लोखंड बघत होतो. फरशीकडे माझं लक्ष नव्हतं.

सायकल आली ती मुळातल्या फोटोपेक्षा हातभर लांब. आमच्या बिल्डिंगची पोरं तिला बघून टाळ्या वाजवायला लागली. लिफ्टमध्ये आडवी घातली, बसेना. मागच्या चाकावर उभी केली, तरी पुढचं चाक दारात. कोणीच लिफ्टचं माप घेतलं नव्हतं. वाघाच्या पिंजऱ्याचं माप घ्यायला विसरले आणि वाघ आणला, तशी गत. खाली ठेवली तर पहिल्याच आठवड्यात घंटी आणि सीट चोरीला गेली. मग जिन्यानेच वर न्यायची ठरली. एकट्याला जमत नाही. जिन्याच्या वळणावर पुढच्याने हँडल कठड्याच्या वरून न्यायचं आणि त्याच वेळी मागच्याने चाक खाली दाबायचं, तरच ती वळते. दोघांनी एकमेकांशी बोललं नाही तर भिंतीचा रंग निघतो. आमच्या जिन्यात अजून काळे पट्टे आहेत.

पहिल्यांदा वर चढवायला ताईंचा मुलगा होता. मिलिंद. नारायणगावला बँकेत आहे. पोरगा चांगला. आईवर जीव. पण त्याच्या आदल्या वर्षी ताई मासळीबाजारात घसरून पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं, आणि तेव्हापासून त्याचं एकच चालू होतं, आई, इथला फ्लॅट भाड्याने दे, आमच्याकडे ये. जिना चढून वर आल्यावर त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि धापा टाकत म्हणाला, "आई, हे बघ. मी तुला अडवत नाही. पण एकदा, एकदा जरी या सायकलवरून पडलीस, तर ही विकायची आणि तू आमच्याकडे यायचं."

"आणि नाही पडले तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

दोघांनी हातात हात दिला. ताईंनी त्याची नाडी मोजली असणार.

मी तिथेच दारात होतो. कमल मागे उभी होती. मिलिंद गेल्यावर कमल म्हणाली, "ताई, कशाला शब्द दिलात? म्हाताऱ्या माणसाने पडायचं नाही असं कसं होईल?"

ताई म्हणाल्या, "कमलताई, तिकडे गेले की मी नुसती आजी. भाजी निवडायची आणि टीव्ही बघायचा. इथे मी अजून सिस्टर आहे."

ते खरं होतं. रिटायर झाल्यावरही त्या पाड्यांवर जायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. निळ्या डब्यात आता बीपीचं मशीन आणि पट्ट्या असायच्या. म्हाताऱ्यांचं बीपी बघायचं, गरोदर पोरींना दवाखान्यात जायला दटावायचं, आणि येताना कोणी दिलेली रानभाजी डब्यात. तेवढ्यासाठी ती सायकल. जिन्यात मागचं टोक तेव्हा जो सापडेल तो धरायचा. टाच आता वाजत नव्हती. पोरं बेसावध सापडायची. पण आता सुई नव्हती, म्हणून पोरं जवळ यायची.

मग कमल गेली.

त्याबद्दल मी इथे लिहायला बसलेलो नाही. एवढंच सांगतो की शेवटच्या दिवसांत इंजेक्शनं रत्नाताईंनी दिली, आणि डोळे त्यांनीच मिटवले. नातेवाईक आले, रडले, जेवले, गेले. मी कडी लावून बसलो. दूधवाला ओरडून जायचा. मी उठत नव्हतो.

एका सकाळी दार धडाधडा वाजलं. उघडेपर्यंत वाजत राहिलं.

"पवारभाऊ, मागचं टोक धरायला माणूस नाही. या."

मी म्हणालो, "ताई, माझी बायको मेली आहे."

"मला माहीत आहे. तुमचे हात मेलेत का?"

मी चपला घातल्या. काय करणार? चौथ्या मजल्यावरून सायकल खाली आणली. वळणावर त्या ओरडायच्या, "दाबा! दाबा! भिंत!" खाली आल्यावर माझा शर्ट घामाने भिजला होता. ताईंनी माझं मनगट धरलं, सोडलं, म्हणाल्या, "उद्या अर्धा तास लवकर. ऊन होतं." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशीही गेलो. मग रोजच.

आमच्याकडचे लोक म्हणतात, बघा, बाईने पवारांना दुःखातून कसं बाहेर काढलं. खोटं आहे. बाईला खरंच माणूस लागायचा. आखूड सायकल असती तर लिफ्टमधून एकटी गेली असती आणि माझं दार तिने वाजवलं नसतं. दुःखातून कोणी कोणाला काढत नाही. पण सायकल खाली न्यायची असेल तर दाढी केली नसली तरी दार उघडावं लागतं.

शनिवारी मी माझी जुनी स्कुटी घेऊन त्यांच्या मागे बारवीच्या रस्त्यावरच्या टपरीपर्यंत जायचो. तिथे अंबरनाथ-कल्याणकडून सायकलवाल्यांचा थवा येतो. घट्ट कपडे, डोक्यावर टोप्या, सायकली अशा हलक्या की वाऱ्याने उडतील. त्यातला एक दाढीवाला ताईंच्या मागेच लागलेला.

"काकू, ही काय बस आहे का? माझी बघा. दोन बोटांनी उचलता येते. चढाला भुर्रकन जाते. वळवायची म्हटलं की जागच्या जागी."

"आणि सामान?"

"सामान कशाला? हॉटेलं आहेत की."

"पाड्यावर हॉटेल काढ, मग येते तुझी सायकल घेऊन. आणि तुझी कंबर दुखते म्हणून गेल्या शनिवारी कोण रडत होतं? माझ्या कंबरेला विचार. इथून मुरबाडपर्यंत खड्डे मोजत जाते, कंबरेला पत्ता नाही."

सगळे हसले. दाढीवालाही हसला. पण तो सहज सोडणारा नव्हता. सायकलभोवती फिरला, मागच्या पिशव्या हलवून बघितल्या आणि म्हणाला, "काकू, लांब आहे ते ठीक. पण सगळं वजन मागे आणि उंचावर बांधलंय. एक दिवस उतारावर मागचा भाग नाचेल. अर्धं सामान पुढे घ्या, आणि जेवढं खाली जाईल तेवढं खाली."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी मागेच बांधतेय," ताई म्हणाल्या आणि कटिंग चहाचा ग्लास खाली ठेवून निघाल्या.

पुढच्याच आठवड्यात कुळगावच्या बाजारातून कोणा म्हातारीसाठी तांदळाची गोणी मागे टाकून नेली. उतारावर सायकल नाचली. होतूशेठने हात हलवून दाखवला होता, अगदी तशी. ताईंनी ब्रेक दाबला नाही, पाय टेकले, चपला रस्त्यावर घासत घासत थांबल्या. पडल्या नाहीत. पण चपलांचे तळवे गेले. तिथे गोणी उतरवून एका रिक्षात घातली आणि मागून सायकल ढकलत जाऊन ती पाड्यावर पोचवली.

शनिवारी टपरीवर आल्या आल्या त्या दाढीवाल्याला सगळ्यांच्या समोर हाक मारली. "ए, इकडे ये. तू बरोबर होतास, मी चूक होते. चहा पी." तो एवढा लाजला की त्याला चहा गिळेना. आम्ही त्याच दिवशी होतूशेठकडे जाऊन पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी खाली, पिशव्या अडकवायला, लोखंडी चौकटी बसवून घेतल्या. त्यानंतर ती सायकल भरली की रुळावर चालल्यासारखी चालायची. रिकामी असली तर मात्र कच्च्या चढावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागीच फिरायचं, माती उडायची. म्हणून ताई रिकाम्या कधी जायच्या नाहीत. काही नाही तर पाण्याच्या बाटल्या घालायच्या.

हे सगळं त्या इंजिनियरने ऐकावं. दोन्ही बाजू आहेत.

आणि तरी पडल्या त्या उतारावर नाही, खड्ड्यात नाही, पावसात नाही. आमच्या बिल्डिंगच्या आवारात पडल्या.

सकाळची वेळ. सायकल खाली आणून झाली होती. ताई बसल्या आणि आठवलं की बीपीचं मशीन वर राहिलं. उतरून सायकल हाताने फिरवायची सोडून त्यांनी बसल्या बसल्याच आवारात वळवायला घेतली. दोन्ही बाजूंना स्कूटरी लावलेल्या. नेहमीची सायकल वळली असती. ही अर्ध्यात अडकली, वेग संपला, आणि ताई हळूच, अगदी हळूच, गोणी कलंडते तशा डाव्या बाजूला कलंडल्या. एका स्कूटरीवर आणि मग फरशीवर.

मी धावलो. वॉचमनही धावला. ताई बसून होत्या. कोपर सोललं होतं. स्वतःचं मनगट स्वतःच दाबून बघितलं, बोटं हलवून बघितली. "मोडलं नाही," म्हणाल्या.

वॉचमन इकडेतिकडे बघून म्हणाला, "मॅडम, किसी ने देखा नहीं." बिल्डिंगमध्ये सगळ्यांना शब्दाची गोष्ट माहीत होती.

मीही म्हणालो, "ताई, मी जिन्यात होतो. मला काही दिसलं नाही. आणि ही काय पडणं आहे का? सायकल उभीच होती."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेशंट गोळी घेतली म्हणून खोटं सांगतो तेव्हा बघायच्या तसं. "पवारभाऊ, एवढी वर्षं मी रजिस्टरमध्ये न टोचलेली सुई लिहिली नाही. आता काय लिहू?"

तिथेच स्कूटरीला टेकून फोन लावला. स्पीकरवर.

"मिलिंद, मी पडले."

"काय? कुठे? घाटात? आई, लागलं का?"

"बिल्डिंगच्या आवारात. कोपर सोललंय. वळताना."

मग तो हळूच म्हणाला, "आई, आवारात पडलीस ते मी धरत नाही."

"मी धरते," ताई म्हणाल्या. "ठरलं ते ठरलं. सायकल विकते आणि येते."

मला त्या क्षणी त्या बाईचा एवढा राग आला. माझ्या बायकोसाठी रडलो नव्हतो एवढं मला तिथे रडू आलं. मी वॉचमनच्या केबिनमागे जाऊन तोंड धुवून आलो.

विकायचा प्रयत्न त्यांनी प्रामाणिकपणे केला. खोटं नाही. अंबरनाथचा एक जण आला, चक्कर मारायला गेला, गल्लीत वळवता येईना म्हणून हातात धरून परत आला. दुसऱ्याचे पाय पायडलपर्यंत पोचेनात. दाढीवाला मित्राला घेऊन आला, मित्राने पहिला प्रश्न विचारला, "लिफ्टमध्ये बसते का?" होतूशेठला परत देऊ केली तर तो म्हणाला, "ताई, आपके माप का है. दूसरे को दिया तो दूसरा आदमी गिरेगा, पाप मेरे को लगेगा." टेम्पोवाल्याला नारायणगावला पोचवायला विचारलं, तर घरचं सामान भरल्यावर सायकल मागून बाहेर राहायची, घाटात पोलीस धरेल म्हणाला.

ताईंनी पुन्हा फोन लावला. आता मी बाजूलाच बसलो होतो, मनगट त्यांच्या हातात.

"मिलिंद, कोणी घेत नाही. टेम्पोत बसत नाही. मी येते. पण सायकलवर येते."

"आई! माळशेज घाट आहे मध्ये! चेष्टा करतेस का?"

"दोन दिवसांत येईन. टोकावड्याला माझी मैत्रीण आहे, नर्सच आहे, तिच्याकडे मुक्काम. घाटात चढवलं नाही तर ढकलीन. मी तुझ्याकडे यायचा शब्द दिला होता. टेम्पोत बसून यायचा नव्हता."

"आणि इकडे आल्यावर?"

"इकडे आल्यावर काय? तुमच्या बाजूला वाड्यावस्त्या नाहीत का? तिथल्या बायांना बीपी नसतं का?"

मिलिंद हसला. फोनवर स्पष्ट ऐकू आलं. हरल्यासारखा नाही, आई ओळखल्यासारखा हसला. म्हणाला, "ये बाई. पण घाटाच्या वर मी गाडी घेऊन उभा राहतो."

"उभा राहा. पाणी आण."

सामान टेम्पोने आदल्या दिवशी गेलं. सकाळी आम्ही सायकल शेवटची खाली उतरवली. वळणावर त्या ओरडल्या नाहीत, गरज पडली नाही. आम्हा दोघांना ती भिंत पाठ झाली होती. खाली पुढच्या आणि मागच्या पिशव्या अडकवल्या, डबा बांधला. वॉचमनने गेट पूर्ण उघडलं. आवारातल्या स्कूटरी त्याने आधीच बाजूला केल्या होत्या.

भरलेली लांब सायकल उभी असताना जड असते. बसणाऱ्याला चढेपर्यंत मागून कोणीतरी धरावी लागते. मी कॅरियर धरला. ताई चढल्या, एक पाय फरशीवर, एक पायडलवर. ओढणी खोचली. माझ्याकडे वळून बघितलं नाही, तसं बघता येत नाही, हँडल फिरतं.

"सोडा, पवारभाऊ."

मला वाटलं मी सोडलंय.

"सोडा म्हटलं. मी धरलंय."

मी सोडलं.

गेटमधून बाहेर पडल्या, मेन रोडला लागल्या. मी स्कुटी काढून थोडं मागे गेलो, त्यांना कळू न देता. बारवीच्या रस्त्याला पहिला चढ लागतो तिथे मी थांबलो. त्या थांबल्या नाहीत. गिअर बदलल्याचा आवाज इथपर्यंत आला. लांब सायकल, खाली पिशव्या, वर ताठ पाठ. चढावर उतरल्या नाहीत.